सात तंबू आणि गुडघाभर पाणी

एका जंगलात एक तळं होतं, मुलांनो. जंगलाचं नाव विचारू नका. नाव सांगितलं की तिथले लोक गोष्ट ऐकायच्या आधीच भांडायला येतात.

तळ्याच्या तीन बाजूंना उभे कडे होते. चौथ्या बाजूला तेवढी सपाट जागा आणि उथळ पाणी. तिथे सिंहमहाराजांनी सात तंबू ठोकून दिले आणि दवंडी पिटवली, की कुणीही यावं, आठ दिवस राहावं, पाण्यात पाय सोडून बसावं. झाडलोट करायला आणि पाहुण्यांच्या चुली विझवायला एक स्वयंसेवक असावा. त्याला पगार नाही, पण एका तंबूत फुकट राहता येईल.

पहिला स्वयंसेवक रंगोजी साळिंदर. भला माणूस. म्हणजे भलं साळिंदर. पहाटे उठून एक लोळण घ्यायचा आणि सगळा पालापाचोळा पाठीच्या काट्यांना टोचून घेऊन जायचा.

एकदा त्याला भाचीच्या बारशाला जायचं होतं, म्हणून बदलीवर तरसबाई आल्या. रंगोजी परतला, पण तरसबाई गेल्या नाहीत. "सेवेची सवय लागली हो," म्हणाल्या. आता दोघांत मेळ कोण घालणार? म्हणून मुंगूसराव आले. त्यांना शिट्टी मिळाली. शिट्टी वाजल्यावर धावत यायला कुणीतरी हवं, म्हणून दोन ससे आले. सशांची हजेरी घ्यायला माकड आलं. माकडावर लक्ष ठेवायला दुसरं माकड आलं.

सात तंबू, सात स्वयंसेवक. सगळे मनापासून सेवा करू लागले. कुणाची, असं विचारणाऱ्या मुलाला मी गोष्टीतून उठवीन.

एके दिवशी भिवाजी नावाचं म्हातारं सांबर तीन डोंगर ओलांडून लंगडत आलं. त्याचे गुडघे धरले होते. वैद्य घुबडाने सांगितलं होतं, "आठ सकाळी गुडघाभर पाण्यात उभे राहा. नाहीतर हिवाळ्यात तुम्हाला पळता येणार नाही. आणि पळता न येणाऱ्या सांबराच्या घरी बिबट्या येतो."

"एखादा तंबू मिळेल का, बाबा?" भिवाजीने विचारलं.

"आजोबा, सगळे भरलेत," तरसबाई म्हणाल्या.

"एवढे पाहुणे आलेत?"

"पाहुणे कुठले! आम्हीच आहोत. तुमच्या सेवेला."

"राहू दे. मी झाडाखाली झोपेन. सकाळी पाण्यात तेवढा उभा राहीन."

मुंगूसरावांचे डोळे चमकले. आठव्या दिवशी महाराजांचे अधिकारी हत्तीसाहेब पाहणीला येणार होते आणि दाखवायला एकही पाहुणा नव्हता. त्यांनी भिवाजीच्या गळ्यात 'पाहुणा' अशी पाटी अडकवली आणि शिट्टी फुंकली. ससे धावत आले. दोघांनाही फार बरं वाटलं.

"पण नियम आहे, आजोबा. स्वागत झाल्याशिवाय पाहुण्याने पाण्यात उतरायचं नाही."

दुसऱ्या सकाळी स्वागत सुरू झालं. आधी प्रास्ताविक. मग सात जणांची मनोगतं. मग आभार. आभारात एका माकडाचं नाव राहिलं, म्हणून ते रुसलं. त्याची समजूत घालेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

"आता नको हं पाण्यात," तरसबाई काळजीने म्हणाल्या. "उन्हातून पाण्यात गेलं की शिरशिरी भरते."

रोज असंच झालं. सत्कारमूर्तीने बसायचं नसतं, म्हणून भिवाजी रोज चार तास उभा राहिला. गुडघे आणखी सुजले. पाणी समोर सात पावलांवर होतं.

रंगोजीला ते बघवेना. त्याचीही आता झाडलोट सुटली होती, कारण त्याच्याकडे प्रास्ताविक होतं. सहाव्या पहाटे तो भिवाजीच्या कानाशी लागला. "आजोबा, उठा. शिट्टी व्हायच्या आत उतरा." दोघे चार पावलं गेले. शिट्टी झाली.

"स्वागताशिवाय उतरला तो पाहुणा नव्हे, घुसखोर!" मुंगूसराव ओरडले. रंगोजी मान खाली घालून परतला. त्याचा तंबू अगदी पाण्याला लागून होता, मुलांनो. तसला तंबू सोडवत नाही.

आठव्या दिवशी हत्तीसाहेब आले.

"काही अडचण, आजोबा?"

"मला गुडघे भिजवायचे आहेत, साहेब," भिवाजी म्हणाला. "दुसरं काही नको. फक्त गुडघे."

हत्तीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणीही गुडघ्यापर्यंत पोचलं नाही.

"सात जण असून एका म्हाताऱ्याला सात पावलं नेता येत नाही?" ते कडाडले. सगळे थरथरले. "याचा अर्थ माणसं कमी पडतायत! आणखी सात स्वयंसेवक मंजूर. आणि त्यांना सात तंबू."

"पण साहेब, जागा?" मुंगूसरावांनी विचारलं.

जागा कुठेच नव्हती. म्हणून उथळ पाण्यात भराव घालायचं ठरलं. हत्तीसाहेबांनी स्वतः सोंडेने माती ओढली. संध्याकाळपर्यंत जमीन सपाट झाली. तिच्या पलीकडे एकदम खोल पाणी सुरू होत होतं.

उद्घाटनाचा नारळ भिवाजीच्या हस्ते फुटला. टाळ्या झाल्या. जिथे उभं राहायला तो तीन डोंगर चढून आला होता, तिथेच तो उभा होता. पायाखालची माती कोरडी होती.

नवे सात जण रांगेत आले. त्यांत बिबट्या होता. त्याने ज्येष्ठ पाहुण्यांचं काम आपणहून मागून घेतलं, आणि त्याच्या निःस्वार्थीपणाचं सगळ्यांनी कौतुक केलं.

"चला आजोबा," बिबट्या अदबीने म्हणाला. "गुडघे दुखत असतील. घरापर्यंत सोडतो."

तात्पर्य : सेवा चालू असताना पाहुण्याने मध्ये येऊ नये. आणि तळ्यावर जायचंच असेल, तर गुडघे घरूनच भिजवून न्यावेत.