बाळाबाईंचा कावळा

शहाजीच्या दृष्टीने सौदा स्वस्तातला होता. एक सकाळ द्यायची आणि बायको परत घ्यायची. राजलक्ष्मी रागावून साताऱ्याला माहेरी जाऊन बसली होती आणि तिची अट एकच होती. "दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायाचं. तिथल्या कुणाचंतरी माझ्याशी फोनवर बोलणं करून द्यायचं. मग येते."

पत्ता शेजारच्या प्रसादने दिला. त्याची स्वतःची दारू तिथे जाऊनच सुटली होती. "घणसोली गावात, तलावाजवळ. रविवारी सकाळी. गोल करून बसलेले असतात, कोणी नाव-गाव विचारत नाय. आपण उठायचं, नाव सांगायचं, खरं बोलायचं. आणि टेन्शन घेऊ नको, जन्माची शपथबिपथ नसते. फक्त आजचा दिवस पिणार नाय, एवढंच."

एकच दिवस! शहाजी मार्केटात पोती उचलायचा. इतक्या हलक्या ओझ्याला इतकी भारी मजुरी त्याला आजवर कोणी दिली नव्हती.

रविवारी रबाळ्याच्या कारखान्यांचा धूर आणि खाडीचं धुकं तलावावर एकदमच उतरलं होतं. पलीकडच्या टॉवरांना कमरेच्या वर काही नव्हतंच. काठावर दहाबारा माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून मुकाट बसली होती. डोळे लाल. दोघांच्या तोंडाला कालचा वास. शहाजीची खात्रीच पटली. तो हात जोडून मागे बसला.

कोणी काही विचारलं नाही. बाळाबाईंच्या दहाव्याला आलेल्या माणसाला 'तू कोण' म्हणून कोण विचारणार?

पिंडाला कावळा शिवत नव्हता. सगळे उपाशी. थोरला सिताराम आणि धाकटा सुभाष, दोघांनी आईला सगळं कबूल करून पाहिलं होतं. घर वाटणार नाही, बहिणीला अंतर देणार नाही. आईने जन्मभर जे एकच मागितलं, तेवढं सोडून.

आणि मागून आवाज आला. "मी शहाजी. मी दारू पितो. रोज पितो."

धुक्यातून एक कावळा खाली उतरला.

कावळ्यामागे नजर गेली तेव्हा कुठे शहाजीला दिसलं: केळीचं पान, भात, सुके बोंबील आणि हार घातलेला म्हातारीचा फोटो. तो एक पाऊल मागे सरकला.

"थांबलास कशाला? बोल ना रं!" सिताराम दबक्या आवाजात म्हणाला.

"फक्त... आजचा दिवस पिणार न्हाई."

कावळा एक उडी पुढे आला आणि थांबला. भाताकडे नाही, शहाजीकडे बघत. मान डावीकडे कललेली. फोटोतल्या म्हातारीची मानही तश्शीच कललेली होती.

"उद्या बी न्हाई."

आणखी एक उडी.

"फुडं बोल, फुडं!" सुभाष कुजबुजला.

"आवो, पर माझी कोण लागती ती?"

"आता लागली!"

तलावावर पान हलत नव्हतं. कावळ्याची पापणी लवत नव्हती. "जन्मात पिणार न्हाई!" शहाजी ओरडला.

कावळा शिवला.

मग चहा झाला, फोन झाला. शहाजीने लावून दिल्यावर सितारामच बोलला. "वयनी, यानं आमच्या आईला शबूद दिलाय. पिंडासमोर. कावला शिवला." साताऱ्याकडून बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला. मग, "दुपारच्या एस्टीनं निघते."

रात्री राजलक्ष्मी घरात आली. परक्याच्या आईला दिलेला शब्द आपल्याला कशाला बांधतोय, असा विचार करून शहाजीने दुसऱ्या संध्याकाळी तांदळाच्या डब्यामागची बाटली काढली. खिडकीच्या ग्रिलवर टकटक झाली. मान डावीकडे कललेली.

"हाड!"

तो हलला नाही. राजलक्ष्मी स्वयंपाकघरातून आली, तिने बाटली पाहिली, कावळा पाहिला आणि मूठभर भात ग्रिलवर ठेवला. "असू द्या," ती म्हणाली. "मला सासू न्हवतीच."

हल्ली शहाजी खऱ्या मीटिंगला जातो. ती तलावाजवळच्याच एका खोलीत भरते. बाकीचे 'फक्त आजचा दिवस' म्हणून हलके होऊन घरी जातात. त्याला तेवढी सवलत नाही. खिडकीत कोणीतरी बसलेलं असतं.

बाकी सगळ्यांचं भागलं. राजलक्ष्मीला नवरा मिळाला, वर सासू. कावळ्याला रोजचा भात. आईच्या जिवाला शांती लाभली म्हणून सिताराम आणि सुभाष दहाव्याच्याच संध्याकाळी निवांत प्यायला बसले. शब्द द्यायची पाळी त्या दोघांची होती. पाळतोय शहाजी.