वासूकाकांचा खटका

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतून कोणी परदेशी निघाला की बाकीचे सेंट, चॉकलेटं सांगतात. वासूकाका विचारतात, "तिथे खटक्याच्या चाकूचा कायदो काय हा?"

काका जन्मभर जहाजावर खानसामा. इटलीच्या बंदरात घेतलेला एक चाकू त्यांच्या घरी होता. बटण दाबलं की खट्कन पातं बाहेर. त्यापायी जगभरचे कायदे त्यांना पाठ. इंग्लंडात असला चाकू घरात ठेवणंसुद्धा गुन्हा, इटलीत दुकानात मिळतो पण खिशात घालून फिरलात तर पोलीस धरणार, अमेरिकेत राज्य बदललं की कायदा बदलतो. पालुपद एकच: "मेल्या, घरात ठेवणा येगळा, खिशात घालणा येगळा!" चाकूने त्यांचा उंबरठा कधी ओलांडला नाही.

मी वकिलाच्या ऑफिसात कारकून. म्हणून मला खासगीत विचारायचे, "एका हाताच्या माणसाक आपल्याकडे सूट असता काय रे?"

"का काका, एका हाताने गँग चालवताय?" मी म्हणायचो. फार विनोदी समजतो मी स्वतःला.

यंदा गणपतीच्या मीटिंगमध्ये बंदोबस्ताचा विषय निघाला. मी उठलो. "बंदोबस्त कशाला? तिसऱ्या माळ्यावर वासूभाई आहेत ना, खटका घेऊन!" हशा, शिट्ट्या. दुसऱ्या दिवसापासून पोरं गॅलरीत "वासूभाई, वासूभाई" ओरडू लागली.

काका भांडले नाहीत. चाकू जुन्या डब्यात घातला, डब्याला सुतळी बांधली आणि पोलीस चौकीत जमा करून आले. हवालदार म्हणे हसला, "आजोबा, याने पेरू तरी कापला जातो का?" हा किस्सासुद्धा मीच चाळभर रंगवून सांगितला.

परवा आईने दिलेले मोदक घेऊन काकांकडे गेलो. काकू दाराशी, उंबरठ्याच्या आत खुर्चीवर. लकव्याने त्यांचा उजवा हात गेलाय, हे मला काय ठाऊक नव्हतं? मांडीवर पाट, पाटाला मधोमध दोन खिळे ठोकलेले, खिळ्यांत पेरू रोवलेला. अख्खा.

"हे बाजारात गेलेत. येतील, मग कापतील," काकू म्हणाल्या. "खटका होता तोवर माझं मीच कापायचे. गाऊनच्या खिशात असायचा. साधा चाकू एका हाताने उघडत नाही रे, आणि सुरी उघडी खिशात ठेवली तर मांडीत घुसते. अमेरिकेत म्हणे एका हाताच्या माणसाला सूट आहे. आपल्याकडे आहे का, तेवढंच हे तुला विचारत असायचे."

मी आत जाऊन सुरी आणि ताटली आणली. खाली मान घालून पेरू कापला. चांगल्या दोन हातांनी.

तेवढ्यात काका जिना चढून धापा टाकत आले. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांचं लक्ष ताटलीकडे.

"मेल्या, फोडी केवढ्यो केलंस? तिका एकाच बाजूच्या दाढेन चावूक येता."

माझ्या हातातली सुरी घेऊन ते खाली बसले आणि एकेक फोड बारीक करू लागले.