मोरिशितासाहेबांसाठी निरोपाचं गाणं

मोरिशितासाहेब निवृत्त होऊन जपानला परत निघाले, तेव्हा त्यांच्या निरोपाला ऑफिसातल्या बायका जपानी गाणं म्हणतील, असं नबिला सगळ्यांसमोर बोलून बसली. कराओकेचा हॉल ठरला होता, पुरुष हिंदी गाणी म्हणणार होते. नबिलाला तेवढ्यावर भागवणं पटेना. तिचा नवरा इद्रीस तीन महिने हॉस्पिटलात होता, तेव्हा याच साहेबांनी तिच्या हातात लॅपटॉप देऊन सांगितलं होतं, "त्यांच्याजवळ बसून काम करा." अशा माणसाला त्याच्याच भाषेत निरोप द्यायला हवा होता.

तिची मुलगी इन्शा जपानी कार्टून बघत वाढलेली. तिला जपानी येतं, अशी शारजातल्या अल मजाजच्या त्या फ्लॅटमध्ये सगळ्यांची खात्री होती.

"बाळा, बायकांना झेपेल असं एखादं जपानी गाणं शोध."

"फास्ट ऑर स्लो?"

"हळू. ऑफिसातल्या सुजाताला दम लागतो."

पहिलं गाणं इतकं भरधाव होतं की शब्द कुठे संपतात तेच कळेना. दुसऱ्यात शेवटी किंचाळायचं होतं. तिसरं लागलं आणि नबिलाचे डोळे भरून आले. गाणारी बाई एकेक शब्द जड हाताने खाली ठेवत होती.

"हेच! अर्थ काय गं याचा?"

इन्शाची दुसऱ्या दिवशी फिजिक्सची परीक्षा होती. तिने मान वर केली नाही. "समवन इज लीव्हिंग, अम्मी. गुडबाय टाइप. व्हेरी सॅड."

"खलास. ठरलं."

सुजाताने शब्द ऐकून ऐकून देवनागरीत उतरवले. दोन आठवडे शारजा औद्योगिक क्षेत्राकडे जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये, काचा वर करून, दोघी गात राहिल्या. बाकीच्या बायकांनी एकेक कारण सांगून अंग काढून घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी हॉल भरला. पुढच्या टेबलाशी साहेब आणि त्यांची पत्नी इकुकोबाई. या बाईंना ऑफिसने अकरा वर्षं नम्रपणे वाकताना पाहिलं होतं, आवाज कुणी ऐकला नव्हता.

तिथल्या पडद्यावर गाण्याचा इंग्रजी अर्थही उमटतो, हे दोघींना ठाऊक नव्हतं. दोघींची नजर हातातल्या कागदावर होती. दुसऱ्या ओळीला हॉल एकदम शांत झाला. नबिलाला वाटलं, गाणं काळजाला भिडलं. मग सुजाताचा आवाज थांबला. तिचा कंठ दाटला असणार, म्हणून नबिलाने दोघींच्या वाटचा सूर लावला.

"नबिला," सुजाता कुजबुजली, "वर बघ."

पडद्यावर लिहिलं होतं: 'तुझी उशी मी दाराबाहेर ठेवली आहे.' त्याखाली: 'आयुष्यभर तुझ्या मागे चालले. आता एकटा जा.'

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. माफी मागावी म्हणून ती माइक खाली करणार, तोच इकुकोबाई उठल्या. शांतपणे चालत आल्या, सुजातासमोर वाकल्या आणि तिच्या हातातला माइक काढून घेतला.

पुढची दोन कडवी त्यांनी पाठ म्हटली, नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून. सूर एकदाही हलला नाही. गाणं संपल्यावर साहेब उभे राहिले आणि भर सभेत बायकोसमोर कमरेत वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

नबिलाने शुक्रवार ते रविवारची सुट्टी राजीनाम्याचं पत्र लिहिण्यात घालवली. सोमवारी ती पत्र घेऊन गेली, तर साहेबच तिच्या टेबलाशी उभे. टाय वाकडा, दाढी वाढलेली.

"सर, व्हेरी सॉरी, मला अर्थ..."

"नबिला-सान," ते हळूच म्हणाले, "इकुको म्हणते, तू पुढे जपानला जा, मी विचार करून कळवते. पाच घरं बदलली आम्ही. मी तिला एकदाही विचारलं नाही. तुमच्या मुलीला विचाराल? पुरुषांना म्हणता येईल असं... माफीचं गाणं?"

नबिलाने पत्र ड्रॉवरमध्ये सरकवलं आणि इन्शाला मेसेज केला. उत्तर लगेच आलं: 'हाऊ सॉरी इज ही, अम्मी? लिटल ऑर बिग?'

नबिलाने मान वर केली. साहेब दोन्ही हात बांधून, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे होते.

"सर, लग्नाला किती वर्षं झाली?"

"चौतीस."

नबिलाने तेवढाच आकडा टाइप केला आणि पाठवून दिला.