खिचडीचा काटा

माझं यंत्र खोटं बोलत नाही. हे वाक्य मी २००६च्या एप्रिलमध्ये मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत उभं राहून म्हटलं, आणि लोकांनी ते ऐकलं.

मी जव्हारला रसायनशास्त्र शिकवतो. पुण्याहून दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन नुकताच आलो होतो. नॅनो कार्बनची काळी पूड तेलात मळायची, काचेच्या नळीच्या टोकाला भरायची, नळी अन्नात बुडवायची. कीटकनाशक असलं की नळीला जोडलेल्या मीटरचा काटा उडतो. पूड इतकी बारीक, की तिच्यापुढे डोक्यावरचा केस म्हणजे घराचा वासा.

मुख्याध्यापक देवराम सरांनी मला बोलावलं, कारण दोन मुलांची पोटं दुखली होती. संशय स्वयंपाकीण चंद्रकलाबाईंवर. खिचडीत दोष निघाला तर बाईंचं काम जाणार.

"सर, त्या दोघांनी हिरवी करवंदं खाल्ली," बाई म्हणाल्या. "खिचडी साठ पोरांनी खाल्ली. बाकीच्यांची दुखली का?"

"बाई, आता शास्त्र बोलेल," देवराम सर म्हणाले.

"बोलू द्या. मी ऐकते."

बाईंनी चहा दिला. माझा चहा झाल्यावर मी ओट्यावर ठेवलेली पुडीची फोटो रोलची डबी उचलली, पूड मळली, नळी भरली.

खिचडी: काटा टोकाला.

डाळ: टोकाला.

विहिरीचं पाणी: टोकाला.

मी स्वतः जव्हारहून आणलेलं शुद्ध पाणी: टोकाला, आणि तिथंच थरथरत.

देवराम सरांचा अर्धा प्यायलेला चहा:

इथं देवराम सरांनी जीप मागवली.

"कुठलं विष आहे?" पोट धरून त्यांनी विचारलं.

"सगळीकडचं," मी म्हणालो. शास्त्रात याला उत्तर म्हणत नाहीत.

बाई मोरीपाशी दात घासत होत्या. काम जाणारच म्हटल्यावर माणूस मशेरी तरी लावतो.

"सर, ही मशेरी कुठली तुमची?" त्या म्हणाल्या. "माझी पण तसलीच डबी, तुमची उचलली वाटतं चुकून. दात काळे झाले, पण तलफ काय भागंना."

मी नळी हुंगली. भाजलेला तंबाखू. अव्वल!

"बाई, थुंका! खळखळून चुळा भरा! पूड किती उरली?"

"उरली नाय."

देवराम सर पायरीवर बसले होते. "मग आता खिचडी तपासायची कशी?"

बाईंनी चुळा भरल्या, तोंड पुसलं आणि दोन ताटं वाढली. देवराम सर रोज घरून डबा आणत. शाळेची खिचडी त्यांच्या तोंडात पहिल्यांदाच जात होती. त्यांनी डोळे मिटून पहिला घास घेतला. दुसऱ्याला डोळे उघडले. तिसऱ्याला लोणचं मागितलं.

अहवाल मी तिथंच लिहिला, त्यांनी सही केली.

नमुना: खिचडी.
पद्धत: तोंडी.
निष्कर्ष: दोष नाही. बाईंना कामावर ठेवावे. मीठ किंचित कमी वाटले; पुन्हा वाढून घेऊन खात्री केली, तेव्हा तेही बरोबर निघाले.