आबा डॉक्टरांचं निदान

कळंब्याचे आबा डॉक्टर दवाखान्यातल्या संगणकावर टॉवेल टाकून पेशंट तपासतात. आधी नाडी, जीभ, पोट बघून आपलं निदान मोठ्यानं सांगायचं, मगच टॉवेल काढायचा. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "माझं बघून लिवतंय ते."

खरं तर ईसीजी काढला की तो संगणक आपला आपण पट्टी वाचून हृदयाचं काय बिघडलंय ते सांगतो. दोघांचं जुळलं की आबा त्याच्या पाठीवर थाप मारतात, "सुधारतंय की." नाही जुळलं, तर बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं भांडण. त्यांनी एकदा त्याला "गुमान बस" म्हणून दटावलं, तेव्हा आत आलेला नवा पेशंटच घाबरून खाली बसला.

आम्ही बिद्रीहून इथं राहायला आलो, त्या वर्षी आईच्या छातीत जळजळायला लागलं. आदल्या दिवशी तिनं तांबड्या रश्श्यावर ताव मारला होता. आबांनी पोट दाबून पाहिलं आणि पित्त म्हणून जाहीर केलं. तरी वयाकडं बघून ईसीजी काढला, टॉवेल उचलला. संगणकाला हार्ट अटॅकची शंका होती.

मी भांडणाची वाट बघत होतो. पण आबांनी पट्टी स्वतः वाचली, आईला एक गोळी चघळायला दिली आणि दवाखाना तसाच सोडून आपल्या गाडीतनं आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. अटॅकच होता. वेळेत पोचलो म्हणून आई वाचली.

संध्याकाळी ती बोलायला लागली, तरी आबा कॉटजवळच्या स्टुलावर बसून होते. मी आभार मानले, तर "मशीनचे मान" म्हणाले.

आई म्हणाली, "डाक्टर, घरी जावा आता. वाट बघत असतील."

"कोन न्हाय, वैनी. आमच्या हिलाबी असंच जळजळत हुतं. मी पित्ताची गोळी दिलती. तवा हे मशीन न्हवतं."

आईनं सलाईन नसलेला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि सकाळपासून काही खाल्लंय का, एवढंच विचारलं.

आता दर रविवारी आबा आमच्याकडं जेवायला असतात. आईनं त्यांना कधी "या" म्हटलेलं नाही. ती फक्त एक ताट जास्त मांडते.