रिले रायर आणि तिसरी फेज

करंट गेला की सेतुरामराव आनंदाने नाचत रस्त्यावर येतात, असे आमच्या गल्लीत सांगितले जाते. हे धादांत खोटे आहे. ते चालत येतात. धोतरासारखी नेसलेली वेष्टी सावरून, चष्मा पुसून ते खांबाखाली उभे राहतात आणि जो भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतात, "पहिलं कोण पडलं?" त्या वेळी त्यांच्या मुद्रेवर समाधान असते, हे मी नाकारत नाही. नाच मात्र मी पाहिलेला नाही. आणि त्यांच्या दारासमोर माझ्याइतकी वर्षे राहिलेला दुसरा मनुष्य या गल्लीत नाही.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत आम्ही मराठी घरे उरलो आहोत ती थोडी, पण मते भरपूर आहेत. सेतुरामरावांविषयी प्रत्येकाकडे एक कथा आहे आणि त्यांतील एकही बरोबर नाही. म्हणून मला लिहिणे भाग पडले. मी देवनागरीत लिहितो आहे, त्यामुळे ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांतील बहुतेकांना, तमिळ लिपीतच शिकल्यामुळे, हे वाचता येणार नाही. कुणीतरी त्यांना वाचून दाखवील, याची मात्र मला खात्री आहे.

सेतुरामराव वीजमंडळात रिलेच्या विभागात होते. रिले म्हणजे उपकेंद्रातला पहारेकरी. तारेवर बिघाड झाला की तो क्षणात ओळखतो आणि तेवढा भाग तोडून बाकीचा वाचवतो. याला ते लोक 'रिले पडला' असे म्हणतात. मोठा बिघाड झाला की एकामागून एक अनेक रिले पडतात, सारा जिल्हा अंधारात जातो, आणि मग सेतुरामरावांसारखा मनुष्य बसून शोधतो की पहिला कोणता पडला. जन्मभर त्यांनी हेच केले. शेजारचे तमिळ लोक, जे रावाला रायर म्हणतात, त्यांना 'रिले रायर' म्हणतात. त्यांना ही पदवी वाटते.

निवृत्तीनंतर उपकेंद्र सुटले, पुढे पत्नी कमलाही गेली, पण शोध सुटला नाही. तो घराघरांतून सुरू झाला. कुटुंबातील कलहांचे त्यांनी शास्त्रशुद्ध वर्गीकरण केलेले आहे. एक मनुष्य ओरडतो आणि बाकीचे मुकाट्याने ऐकून घेतात, तो एक तार जमिनीला टेकल्याचा फॉल्ट. जगात सर्वाधिक हाच आढळतो. दोघे भाऊ परस्परांना भिडतात, तो तारेला तार लागल्याचा. आणि सारे घर एकदम, सारख्याच प्रमाणात बिघडते, तो तिन्ही तारांचा. "हा क्वचित होतो, प्रोफेसर," ते मला सांगतात, "पण सगळ्यांत भयंकर हाच. कारण सगळेच सारखे वाकडे. वाकडं कुणीच दिसत नाही."

पापनाशम गावच्या लग्नाची कथा आपण ऐकली असेल. सेतुरामरावांमुळे ते लग्न मोडता मोडता राहिले, अशी ती सांगतात. मी मांडवात होतो. नवऱ्या मुलाच्या मामांना कॉफी कोमट मिळाली, म्हणून ते सगळ्या वऱ्हाडासह उठले. मुलीचे वडील हात जोडून रडकुंडीला आलेले. तेवढ्यात सेतुरामराव पुढे झाले.

"थांबा, मामा. पहिलं कोण पडलं ते तरी पाहू."

"पडलं? कोण पडलं?" मामा घाबरून इकडेतिकडे पाहू लागले.

कॉफी कोमट का? वाढपी थांबला होता. का थांबला? टंबलर, म्हणजे कॉफीचे पेले, कमी पडले. का कमी पडले? अर्धे टंबलर बसमध्ये होते. बसमध्ये कुणी नेले? येथे मामांच्या धाकट्या मुलाने खाली मान घातली. मामा परत येऊन पाटावर बसले आणि दुसरी कोमट कॉफीही निमूटपणे प्याले. लग्न सेतुरामरावांमुळे मोडत नव्हते; त्यांच्यामुळे ते लागले.

डॉक्टरांनीही त्यांना दवाखान्यातून हाकलले, असे म्हणतात. हाकलले नाही. पोटात दुखते म्हणून गेले असता, डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगितली. सेतुरामराव म्हणाले, "हे शेवटी पडलेलं झालं, डॉक्टर. पहिलं सांगा." डॉक्टरांनी त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवले. यास इंग्रजीत रेफर करणे म्हणतात, हाकलणे नव्हे.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो, कारण सर्वांत अधिक असत्य त्याविषयीच पसरले आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला करंट रोज दुपार कलली की जाऊ लागला. मंडळाचा माणूस येई, ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज बदली आणि "ओव्हरलोड, सार" एवढे म्हणून जाई. लोड कुणाचा, हे तो सांगत नसे. ते आमच्या गल्ली-संघाचे सचिव पद्मनाभराव यांनी एकट्याने शोधून काढले. पद्मनाभराव बँकेचे निवृत्त व्यवस्थापक. त्यांच्या मते गुन्हेगार उघड होता: रुक्मिणीअक्का.

रुक्मिणीअक्का विधवा बाई. सेतुरामरावांच्या आणि त्यांच्या घरांमध्ये एकच भिंत. पुढच्या खोलीत दोन मोठे ग्राइंडर लावून त्या रोज दुपारी इडलीचे पीठ वाटतात आणि विकतात. सगळी गल्ली तेच पीठ नेते. ग्राइंडरची घरघर कोपऱ्यापर्यंत ऐकू येते. ती घरघर थांबली की पाहावे, तर सगळीकडे करंट गेलेला. यावरून पद्मनाभरावांनी निष्कर्ष काढला, आणि मारुतीच्या देवळातल्या मंडपात सभा बोलावली.

"ग्राइंडर बाहेर हलवा, नाहीतर बंद करा," पद्मनाभराव म्हणाले.

"बाहेर जागा कुठली परवडते मला, अण्णा?" अक्का उभ्या राहून म्हणाल्या. "यंत्र थांबलं की घर थांबलं. सुम्मा, नुसतं बसून मला कोण जेवायला घालणार?"

त्या सभेत निदान निम्म्या लोकांनी जाताना पीठ न्यायचे म्हणून डबे बरोबर आणले होते, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. तेव्हा पद्मनाभराव विजयी मुद्रेने म्हणाले, "आपल्यात तज्ज्ञ आहेत. रिले रायर सांगतील ते अखेरचं. त्यांनी ग्राइंडर म्हटलं तर ग्राइंडर बंद. सेरी?"

भिंतीपलीकडची ती घरघर ऐकून सेतुरामराव जेरीस आले असतील, असा पद्मनाभरावांचा हिशेब होता.

सेतुरामराव उठले. "पाहतो," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अक्कांकडून पीठ घेणे बंद केले. हे वैर होते, असे जे सांगतात त्यांना न्यायाची ओळख नाही. ज्याची चौकशी करायची त्याची इडली खायची नाही, असा तो विचार होता. परंतु अक्कांना तो कळणार कसा? त्या माझ्या ओसरीवर येऊन रडल्या. "सेतुअण्णा पीठसुद्धा घेत नाहीत, प्रोफेसर. म्हणजे ठरलंच की." मी त्यांची समजूत घातली, माझी स्वतःची मात्र पटली नव्हती. जन्मभर एकटा दहीभात खाऊ शकणारा मनुष्य कोणताही निर्णय देऊ शकतो.

चौकशीची साधने साधी होती. ट्रान्सफॉर्मरमधून गल्लीला तीन फेज येतात. प्रत्येकीवर काही घरे. सेतुरामरावांच्या घरी तिन्ही आहेत. त्यांनी ओसरीवर तीन दिवे टांगले: लाल, पिवळा, निळा, एकेका फेजवर एकेक. आणि खुर्ची टाकून समोर बसले. येणारेजाणारे विचारू लागले, "काय रायर, कोणत्या देवाचा उत्सव?" ते म्हणत, "अजून कळलं नाही. कळलं की सांगतो."

आता आमच्या गल्लीची एक खोड येथे सांगितली पाहिजे. ज्या घरांना तिन्ही फेज मिळतात त्या घरांत एक फिरता स्विच असतो. आपली फेज गेली की स्विच फिरवायचा आणि दुसऱ्या फेजवर जायचे, एसी चालूच. शेजारीही तेच करतो, त्याचा शेजारीही. सगळी गल्ली एका फेजवरून उठून दुसरीवर बसते, ती मोडते, मग तिसरीवर. सेतुरामराव याला पळ काढणे म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या घरी तो स्विच नाही; फेज गेली की ते त्या खोलीत अंधारात बसून राहतात. चौकशीत माझ्या घरचा स्विच फिरवलेला आढळला, असे पद्मनाभराव सांगत सुटले आहेत. स्विच फिरलेला होता, हे खरे. तो हात माझा होता, याचा पुरावा आजतागायत कुणी दिलेला नाही.

रोज एकच घडले. प्रथम लाल दिवा जाई. घराघरांतून स्विच फिरल्याचे खटखट आवाज येत. थोड्याच वेळात पिवळा जाई. पुन्हा खटखट. मग निळा. आणि निळा गेला की अक्कांची घरघर थांबे.

अक्का निळ्या फेजवर होत्या. घरात एकच फेज, फिरता स्विच नाही. साऱ्या गल्लीत पळ न काढणारे आणखी एक घर तेवढेच, आणि म्हणून ते शेवटी पडत होते. त्याचा आवाज मोठा, म्हणून पडलेले ऐकू येई ते तेवढेच.

लाल फेजवर प्रथम काय होत होते, तेही उघड झाले. पद्मनाभरावांनी उन्हाळ्याच्या आरंभी घरभर नवे एसी बसवले होते, आणि त्यांच्या इलेक्ट्रिशियनने सगळेच्या सगळे लाल फेजवर जोडले होते.

हे सारे हाती आले असताना सेतुरामरावांनी सभा मात्र लांबवली. "आणखी एक दिवस पाहिजे," म्हणाले. पद्मनाभराव गालात हसले. अक्कांनी देवाला नवस केला. सेतुरामराव अक्कांच्या दारात गेले. चौकशी सुरू झाल्यापासून प्रथमच.

"अक्का, आज वाटू नका."

"भिजवलंय, अण्णा! तांदूळ, उडीद, सगळं. आंबून जाईल."

"जाऊ द्या. आजच्या दिवस यंत्राला हात लावायचा नाही."

अक्का आत गेल्या. तो निकाल आहे, असेच त्यांना वाटले. त्या दुपारी मी सेतुरामरावांच्या ओसरीवर बसलो होतो. ग्राइंडर बंद. दुपार कलली आणि लाल गेला. खटखट. पिवळा गेला. खटखट. निळा गेला. ग्राइंडर नसतानाही गल्ली त्याच क्रमाने अंधारात गेली. फरक एवढाच की दुसऱ्या दिवशी सकाळी एकाही घरात इडली झाली नाही, आणि अक्कांची थोरवी गल्लीला आपोआप पटू लागली.

सभेत सेतुरामराव उभे राहिले. "पहिलं पडलं ते पद्मनाभरावांचं घर. मग पळणारी सगळी घरं. अक्का शेवटी. शेवटी पडणाऱ्याला धरू नये."

"माझे एसी नवे आहेत, रायर! नव्या मशीनमध्ये फॉल्ट असेल कसा?"

"मशीन ठीक आहे. फॉल्ट मशीनमध्ये नाही."

सभा हसली. पद्मनाभराव लाल झाले. "तुम्हाला पीठ फुकट मिळत असेल!"

"इतके दिवस मी दहीभात खाल्ला," सेतुरामराव शांतपणे म्हणाले. "पाहिजे तर दहीवालीला विचारा."

ठराव बारगळला. मंडळाच्या माणसाने घरे तिन्ही फेजवर वाटून दिली, पद्मनाभरावांचे एसी विभागले गेले, आणि अक्कांचे ग्राइंडर आजही चालू आहेत. तरीही पद्मनाभराव सांगत फिरतात की निकाल पक्षपाताचा होता. हे ऐकून मी रागावलो आणि एका दुपारी सेतुरामरावांकडे गेलो. त्यांच्याकडून साफ नकार घेऊन तो पद्मनाभरावांच्या तोंडावर फेकायचा, असे मी ठरवले होते.

"दिव्यांनी सगळं सांगितलंच होतं," मी म्हणालो. "मग बाईचं भिजवलेलं वाया का घालवलंत? खात्री नव्हती?"

"होती. म्हणून तर."

"म्हणजे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. पलीकडे अक्कांचे यंत्र फिरत होते. "नोकरीत मला कधी अमुकच उत्तर यावं असं वाटलं नाही, प्रोफेसर. कुठलाही रिले निघो, मला काय? या वेळी मला एकच उत्तर हवं होतं. आणि तेच येत होतं. माझ्यावर माझा विश्वास बसेना."

"हवं का होतं? इडलीसाठी?"

"इडली मला पचत नाही," ते म्हणाले. "कमला गेल्यापासून एक पाव पीठ नेतो आणि तसंच गाईला घालतो. न नेऊन कसं चालेल? त्या बंद करतील." मग हाताने भिंत दाखवून म्हणाले, "मुलगी परदेशात. फोन रविवारी. बाकी दिवस हे आहे. दुपारी सुरू होतं, दिवेलागणीला थांबतं. त्या दिवशी बंद ठेवायला लावलं ना, तेव्हा घड्याळ ऐकू आलं. नळ ऐकू आला. तुम्ही बोलत होतात म्हणून बरं."

मला पद्मनाभरावांसाठी उत्तर मिळाले नाही. पक्षपात होता. तो लपवण्यासाठी नव्हे, तर त्याच्याविरुद्ध त्यांनी पुन्हा एकदा तपासले. हा भेद पद्मनाभरावांना समजणार नाही, आणि मी तो त्यांना सांगितलेलाही नाही.

अक्का एकादशीला पीठ वाटत नाहीत. त्या दुपारी मी सेतुरामरावांकडे जातो. खायला काही नसते, तुळशीचे पाणी तेवढे मिळते. मी पापनाशमच्या लग्नाचा विषय काढतो आणि टंबलर मामांच्या धाकट्या मुलाने नव्हे, थोरल्याने नेले, असे ठासून सांगतो. ते चिडतात. मी आवाज चढवतो. दिवेलागणीपर्यंत सहज पुरते.