हसण्याचा व्यायाम आणि घरमालकांची सायकल

घरातल्या सगळ्यांची तब्येत सुधारायची, असं मी एका रविवारी जाहीर केलं. मी एकदा मनावर घेतलं की ऐकत नाही. याआधी मी सगळ्यांना मातीची फुलदाणी करायला बसवलं होतं. माझी फुलदाणी आई अजून उंदीर समजते. म्हणून या वेळी सामानच लागणार नाही असा उपाय निवडला. हसणं! रोज सकाळी स्वयंपाकघरात गोल उभं राहायचं आणि पोट दुखेपर्यंत हसायचं.

"कशाला हसायचं?" बायकोने विचारलं.

"कशालाच नाही. उगाच हसायचं."

"आणि कोणी बघितलं तर?"

"खिडकीचा पडदा ओढून घेऊ."

पहिल्या दिवशी आई हसायच्या ऐवजी खोकली. बायको दातदुखी असल्यासारखी हसली. लेक तेवढी मनापासून हसली, कारण तिच्या समोर मी उभा होतो. पण आठवडाभरात आम्ही असे तयार झालो की हसायला लागलो की मांडणीतली ताटं थरथरायची. सुरुवात कधी करायची याची खूणही आपोआप मिळाली. आम्ही तळमजल्यावर राहतो. रोज सकाळी बाहेर अंगणात धाडकन काहीतरी आपटायचं. कचरेवाल्याने डबा आपटला, असं आम्ही धरून चाललो. धाडकन झालं की मी म्हणायचो, "चला," आणि चौघांचा गडगडाट सुरू.

त्याच सुमाराला वरच्या मजल्यावरचे घरमालक आमच्याशी बोलेनासे झाले. जिन्यात भेटले की भिंतीकडे तोंड करून चढायचे. एकदा त्यांच्या कोपराला पट्टी दिसली. मी काळजीने विचारलं, "काका, काय झालं?"

"वर तोंड करून विचारताय?" ते म्हणाले आणि निघून गेले.

दोन दिवसांनी ते दारात उभे राहिले. या वेळी हनुवटीलाही पट्टी होती.

"महिनाअखेर घर रिकामं करा."

लेकीची शाळा कोपऱ्यावर, आईच्या मैत्रिणी गल्लीत. "अहो काका, आमचं चुकलं काय?"

"गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सायकल सांगितली. या वयात शिकायची, तीही चारचौघांत? म्हणून उजाडता उजाडता अंगणात येतो. रोज पडतो. आणि मी पडलो रे पडलो की तुमचं अख्खं घर खदाखदा हसतं. आजींसकट!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. म्हणजे कचऱ्याचा डबा म्हणजे काका होते.

"काका, आम्ही व्यायाम म्हणून हसतो," मी म्हणालो. "विनाकारण."

"विनाकारण कोण हसतं?"

"आत या, दाखवतो."

ते आत येऊन स्टुलावर बसले, हाताची घडी घालून. आम्ही गोल उभे राहिलो. मी म्हटलं, "चला." कोणाच्या तोंडून आवाज निघेना. घर जायची वेळ आल्यावर हसू कुठून येणार? बायको फक्त दात दाखवत उभी राहिली. आईला पुन्हा खोकला आला. लेक रडकुंडीला आली. मी जोर लावून "हा" म्हणालो, तो एकटाच भिंतीवर आपटून परत आला.

"बघितलंत?" काका उठले. "मी पडल्याशिवाय तुम्हाला हसू येत नाही."

तेवढ्यात आई पुढे झाली. "भाऊ, रागावू नका. आमचा बाळ्या तुम्हाला सायकल शिकवेल. लहानपणी दिवसभर सायकलवरच असायचा."

असायचो खरा, पण मित्राच्या मागे, कॅरिअरवर. हँडल मी आयुष्यात धरलेलं नव्हतं. पण काकांची हाताची घडी सुटलेली बघून मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सीटवर आणि मी मागे कॅरिअर धरून.

"समोर बघा, काका. पायडल मारा."

"सोडू नका हं."

"नाही सोडत."

मी शब्द पाळला. सायकल सुटली तरी मी सोडली नाही. ती मला ओढत दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या चादरींत शिरली. दोरी तुटली आणि सायकल, काका, मी अशी एक मोटच बांधली गेली.

खिडकीचा पडदा त्या दिवशी उघडा होता. तिन्ही बायका तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. मी चादरीतून डोकं बाहेर काढलं. माझ्या कानाला कोणाचा तरी मोजा अडकला होता. काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग त्यांच्या घशातून गंजलेलं दार उघडावं तसा आवाज आला. मला वाटलं, बरगडी मोडली. पण ते हसत होते. इतके हसले की हनुवटीची पट्टी सुटली. मग खिडकीतूनही धरण फुटलं.

"आता कोणाला हसताय हो?" काकांनी डोळे पुसत खिडकीकडे बघून विचारलं.

"याला," आई म्हणाली.

घर सोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. काका थोड्याच दिवसांत सायकल चालवत कोपऱ्यावरून पाव आणायला लागले. मला येत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आता ते मला शिकवतात. हसण्याचा वर्ग आमच्या स्वयंपाकघरात रोज वेळेवर भरतो, पडदा उघडा ठेवून. सगळ्यांची तब्येत सुधारली आहे. फक्त त्या वेळी मी वर्गात नसतो, अंगणात असतो.